पाय पसरून बसलेली बाई

आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. ती एवढंच म्हणाली, "नंदा गेली गं. सकाळी सातला." मी "हं" म्हणाले, फोन ठेवला आणि वरिष्ठांना लॅपटॉपवरून दोन ओळी पाठवल्या. त्या इंग्रजीत होत्या. त्यात 'काकू'ऐवजी 'आंटी' लिहावं लागलं, आणि पाठवल्यावर पुन्हा वाचलं तर मलाच वाटलं, कुणी लांबची बाई गेली असावी. सोलापूरला पोचेपर्यंत मी रडले नाही. घरातली मंडळी म्हणालीच, "हिचं पहिल्यापासून असंच. मनातलं ओठावर येत नाही." ते खरं आहे. हा लेख त्याबद्दलच आहे.

नंदाकाकूला जाऊन आता सात आठवडे झाले. तिच्या दिवसांना बऱ्याच बायका आल्या होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते तेव्हा दोघींचं बोलणं कानावर आलं. "लई मायाळू होती, पण पोटी काय न्हाई लाभलं बिचारीला." दुसरी म्हणाली, "तिच्यातच काहीतरी दोष होता म्हणं. नवऱ्याचं सगळं तपासलेलं, नॉर्मल होतं." मी त्यांच्यापुढे कप धरला. साखर कमी आहे का, असं विचारलं आणि पुढं गेले. त्या दोघी जे बोलल्या ते खोटं होतं. आणि ते खोटं सोळा वर्षांपूर्वी ज्या व्यक्तीनं घरात आणलं, तीच त्यांना चहा देत होती.

काकू लग्न होऊन मंगळवेढ्याकडच्या एका गावातून आमच्या घरी आली तेव्हा मी पहिलीत होते. घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी पहिलीच. खाली आम्ही आणि आजी, वरच्या दोन खोल्यांत दत्ताकाका आणि काकू. काकूनं पहिल्याच वर्षी शिलाई मशीन घेतलं आणि टॉवेलच्या कारखान्यातून काम आणायला सुरुवात केली. टॉवेलच्या कडा दुमडून शिवायच्या आणि कोपऱ्यात लेबल लावायचं. शाळेतून आले की मी वर जाऊन तिच्या मशीनशेजारी गठ्ठ्यावर बसायची. मी बोलायची नाही. ती बोलायची. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ती गावाकडच्या गोष्टी सांगायची, नणंदा-जावांच्या नकला करायची, आणि मी हसले की म्हणायची, "हसलीस व्हय! आज पाऊस पडतोय बग सोलापुरात."

एकदा कारखान्यातून तिचा सगळा गठ्ठा परत आला. प्रत्येक लेबल उलटं लागलं होतं. दोन दिवस ती उसवत बसली. मग एक लेबल माझ्यासमोर धरून म्हणाली, "मीनू, ह्याचं डोकं कुटलं आन पाय कुटलं, येवडंच सांग मला." लेबलवर इंग्रजीत 'बाथ टॉवेल' लिहिलेलं होतं. मी सात वर्षांची. मी शेवटचं अक्षर दाखवलं, 'एल'. एक काठी उभी आणि एक खाली, उजवीकडं आडवी. काकूनं ते निरखून बघितलं. "ही तर पाय पसरून बसलेली बाई की गं! आमच्या गावाकडं दुपारी भिंतीला टेकून बसत्यात तशी." त्यानंतर तिचं एकही लेबल उलटं लागलं नाही. बाई सरळ बसली की लेबल सरळ. पुढं तिला ती बाई सगळीकडं दिसायला लागली... दुकानांच्या पाट्यांवर, बिस्किटाच्या पुड्यावर, माझ्या प्रगतिपुस्तकात. गैरहजर दिवसांच्या रकान्यात वर्गशिक्षिका दर वेळी लिहीत, 'निल'. काकूनं विचारलं, "हितं पण बाई हाय. काय लिवलंय?" मी सांगितलं, "निल. म्हणजे काहीच नाही. एकही दिवस शाळा बुडवली नाही." "मग शून्य काढायचं सोडून तीन अक्षरं कशाला? शाई लई झाली काय शाळंत?" तेवढा एक शब्द तिला वाचता यायचा. माझं प्रगतिपुस्तक आलं की ती आधी तो शोधायची.

माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. काकूच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि तिच्याविषयी बोलताना बायका आवाज खाली घ्यायच्या, हे मला कळायला लागलं होतं. भावासाठी तिनं मऊ टॉवेलचं दुपटं शिवलं होतं, चारी बाजूंनी पिवळी किनार. बारशाच्या दिवशी ती ते घेऊन पाळण्याकडं निघाली. आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "सुनंदा, तू चहाचं बघ. पाळण्याजवळ लेकुरवाळ्याच असू देत." काकू थांबली. "व्हय की, आत्याबाई. येवड्या माणसांचा चहा कुणीतरी बघायलाच पायजे," असं म्हणून ती हसत आत गेली. दुपटं फ्रीजवर ठेवलं. मी घुगऱ्यांच्या ताटल्या न्यायला आत गेले, तर ती उकळत्या चहात साखर घालत होती. घातली, ढवळली, आणि पुन्हा डबा उघडून तेवढीच घातली. मी बघत होते. तिला सांगावं, असं मला वाटलं नाही... म्हणजे वाटलं, पण तोंड उघडलं नाही. त्या दिवशी सगळे म्हणत होते, चहा किती गोड झालाय. आई पलंगावर बाळाला घेऊन बसली होती. तीही काही बोलली नाही. गप्प राहणं मी तिच्याकडूनच शिकले असेन.

मी आठवीत असताना काकूनं हट्ट धरून दत्ताकाकांना शहरातल्या एका डॉक्टरांकडं नेलं. दोघांच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट शनिवारी मिळाले, डॉक्टर भेटणार होते सोमवारी. दोन दिवस थांबणं काकूला शक्यच नव्हतं. काका कामावर होते. तिनं मला वर बोलावलं, मशीनच्या स्टुलावर बसवलं आणि दोन खाकी पाकिटं हातात दिली. "तू कानव्हेंटची. वाच आन सरळ मराटीत सांग."

पहिलं पाकीट तिचं होतं. तीन कागद, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द. मी वाचत गेले, "नॉर्मल. हेपण नॉर्मल. हेपण." काकूनं टाळी वाजवली. "पास झाले म्हण की! न शिकता पास झाले." दुसऱ्या पाकिटात एकच कागद होता, वर काकांचं नाव. मी ओळी मनातल्या मनात वाचत खाली आले आणि एका ओळीवर थांबले. तिथं डावीकडं जो शब्द होता तो मला माहीत होता. वर्गात मुली तो एकमेकींच्या कानात सांगून हसायच्या. त्याला मराठीत काय म्हणतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि इंग्रजीत तो माझ्या काकांच्या नावाखाली मोठ्यानं वाचणं... माझे कान तापले. त्या शब्दापुढं टाइप केलं होतं, 'निल'.

काकू माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचं बोट त्या शब्दावर आलं. नुकतंच मशीनला तेल घातलं होतं, बोटाचा काळसर ठसा कागदावर उमटला. "ही बाई बसलीय की हितं," ती म्हणाली. "हे तर तुझ्या पुस्तकातलं. निल. काय न्हाय म्हणत्यात ते न्हवं?"

तिनं बरोबर वाचलं होतं. मी फक्त "हो" म्हणायचं होतं. पुढचं सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं असतं, मला तो शब्द उच्चारावाही लागला नसता. पण "हो" म्हटलं की ती "काय न्हाय?" असं विचारणार, हे मला दिसत होतं. मी म्हणाले, "ते शाळेतलं, काकू. डॉक्टरांकडं निल म्हणजे दोष काही नाही, असं. नॉर्मलच."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग बोट उचललं. "असंल. तू म्हणतीस तर तसंच असंल. मला काय, लेबलापुरतं इंग्रजी." आणि तिनं डब्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला.

सोमवारी काका डॉक्टरांकडं एकटेच गेले. "तिथं लई गर्दी असते, तू थांब घरी," असं म्हणून. संध्याकाळी परत आले तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर अभ्यास करत होते. काकू वरूनच ओरडली, "काय म्हणाले? मीनूनं वाचलंय सगळं, दोघांचंबी नॉर्मल हाय म्हणून!" काका पायरीवर माझ्याशेजारी बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले. ती आधीच सुटलेली होती. मग त्यांनी वर बघून सांगितलं, "तेच म्हणाले. दोघंही ठीक आहेत. वाट बघा म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर शाळेत सोडलं. त्याआधी कधी सोडलं नव्हतं. फाटकाशी उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, "तू नीट वाचलंस ना?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले. पुढं दहावीपर्यंत ते मला रोज सोडत राहिले. आम्ही रस्ताभर एक अक्षर बोलायचो नाही. घरात सगळ्यांना कौतुक, काकांचा पुतणीवर किती जीव आहे म्हणून.

त्यानंतर काकूचं जे काही झालं ते मी खालच्या मजल्यावरून बघत राहिले. दोष कुणातच नाही म्हटल्यावर आजीनं तो काकूत शोधायचं ठरवलं. करमाळ्याकडच्या एका माणसाकडून चूर्ण यायचं, राखाडी रंगाचं, ते उपाशीपोटी दुधातून घ्यायचं. ते घेतलं की काकू मोरीत वाकून उभी राहायची. ते थांबलं की दुसऱ्या कुणाचं भस्म. मधून मधून शहरातले डॉक्टर, इंजेक्शनं, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायची एक तपासणी... ती करून आली त्या दिवशी रिक्षातून उतरताना तिनं माझा दंड धरला होता, आणि दंडावर तिच्या बोटांचे वळ राहिले होते. पोटात दुर्बीण घालून एक ऑपरेशनही झालं. सगळं ठीक, सगळं ठीक. एका डॉक्टरांनी काकांची तपासणी नव्यानं करायला सांगितली, तेव्हा काका खुर्चीवरून उठले. ते काय म्हणाले ते काकूनंच घरी येऊन अभिमानानं सांगितलं: "माझं झालंय तपासून. आमची पोरगी कॉन्व्हेंटची आहे, तिनं वाचलंय." नातेवाइकांत कुणी विषय काढला की आजीही हेच सांगायची, "मीनूनं इंग्रजीतनं वाचलंय की. दत्तूचं सगळं चांगलं हाय." इतकी वर्षं मी त्या घरात साक्षीदार होते, आणि मला एकदाही कुणी पुन्हा विचारलं नाही.

तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस, असं मला आई आता म्हणते. ते पुरत नाही. नववीत जीवशास्त्राच्या पुस्तकात मला सगळं कळलं, तेव्हा मी चौदाची होते. पुण्याला कॉलेजला गेले तेव्हा अठराची. दर सुट्टीत मी मनाशी ठरवून यायची, की या वेळी सांगायचं. मग काकू माझ्यासाठी शेंगाची चटणी कुटत बसलेली असायची, काका खाली टीव्हीसमोर असायचे, आणि सांगितलं तर या घराचं काय होईल, या विचारात माझी सुट्टी संपायची. काकूची चाळिशी उलटली, औषधं आपोआप थांबली. चार वर्षांपूर्वी काका हृदयविकारानं गेले. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, आता सांगून काय उपयोग. खरं तर आता सांगायला कुणाचीच अडचण नव्हती. माझीच होती.

गेल्या वर्षी तिच्या किडन्या खराब झाल्याचं निदान झालं. पूर्वी कसली भस्मं वगैरे घेतली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं. आईनं आठवतील तेवढी नावं सांगितली. त्यानंच झालं का, या प्रश्नावर ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. मीही नक्की सांगू शकत नाही. पण ते राखाडी चूर्ण मला आठवतं.

ती जाण्याच्या पंधरा दिवस आधी मी तिला शेवटचं भेटले. पलंग मशीनशेजारीच घेतला होता. मशीनवर अर्धा शिवलेला टॉवेल सुईखाली तसाच होता. ती सुकून लहान झाली होती, पण जिभेला काही झालं नव्हतं. मी काय करू, काय करू असं करत पायाशी उभी राहिले तर म्हणाली, "बस की. पाव्हणी हायस का?" मग गोळ्यांची पट्टी माझ्याकडं दिली. "बग, तारीख संपली का काय." मी वाचून सांगितलं, अजून दीड वर्ष आहे. ती हसली. "आता तरी बरोबर वाचतीस न्हवं?" मीही हसले. "काकू, काहीही काय!" असं म्हणाले.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मीनू, त्या मशीनच्या कप्प्यात एक पाकीट हाय बग. काढ जरा." मी कप्पा ओढला. रिकामी रिळं, खडू, कात्री, आणि त्यांच्याखाली ते खाकी पाकीट. मी ते ओळखलं. वरचं लॅबचं नाव पुसट झालं होतं. मी एकोणतीस वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी, रोज पंधरा माणसांसमोर इंग्रजीत बोलणारी बाई, कप्प्यात हात घालून म्हणाले, "कुठलं गं? इथं काही दिसत नाही."

काकू माझ्याकडं बघत राहिली... मला वाटतं, आठवीत मी तो कागद वाचला तेव्हाही तिनं तसंच बघितलं होतं. मग तिनं डोळे मिटले. "ऱ्हाऊ दे. सावकाश सापडंल," ती म्हणाली. "जेवलीस का? जा, गरम हाय तवर खा."

मी जेवायला खाली गेले.

तेराव्यानंतर एक-दोन दिवसांनी आईनं मला हे सांगितलं. काका गेल्यावर त्यांच्या विम्याच्या कागदांत काकूला तो रिपोर्ट सापडला होता. काकांनी तो फाडला कसा नाही, कोण जाणे. कदाचित त्यांनाही तो कधी तरी पुन्हा वाचून बघावासा वाटत असेल. आपल्याच तेलकट बोटाच्या ठशावरून काकूनं तो ओळखला आणि ती एकटीच तिचा रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेली. त्यांनी कागद बघून विचारलं, "हे तुम्हाला इतकी वर्षं कुणीच सांगितलं नाही?" काकू घरी आली, एकदाच आईपाशी बसून रडली, आणि कुणाला सांगू नकोस म्हणून तिला शपथ घातली. आई म्हणाली, "मी तिला म्हटलं, पोरीला जाब विचार. ती म्हणाली, नको. साऱ्या भावकीत तिचं नाव घेऊन सांगितलेलं हाय. आता मी खरं काय ते बोलले तर ते गेले ते सुटले, खोटी कोण पडणार? माझी पोरगी. लाजरी हाय ती. सांगंल एक दिवस आपण होऊन." मग म्हणाली, "दर दिवाळीला तू आलीस की ती मला नंतर विचारायची, काय बोलली का गं?"

म्हणजे चार वर्षं ती वाट बघत होती. आणि शेवटी तिनं स्वतःच पाकीट माझ्या हाताशी आणून ठेवलं, मला काही बोलावं लागू नये म्हणून, नुसतं ते काढून तिच्या हातात द्यावं म्हणून. तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

काकूचं मशीन आता माझ्याकडं पुण्यात आहे. सुईखालचा टॉवेल मी काढलेला नाही. त्याला तीन कडा शिवून झाल्या आहेत, आणि कोपऱ्यात लेबल लागलंय, त्यावर बाई सरळ बसली आहे. कप्प्यातलं पाकीट मी परवा उघडलं. कागद घडीवर विरलाय, पण ठसा आहे, बोटाच्या रेषांसकट. चहाच्या ट्रेवरून ज्या दोघींना मी काही बोलले नाही, त्या हे वाचतील की नाही, मला माहीत नाही. त्यांच्यासाठी आणि आमच्या भावकीसाठी मी तो रिपोर्ट पुन्हा एकदा वाचते, सरळ मराठीत. नंदाकाकूच्या तिन्ही कागदांवर सगळं नॉर्मल होतं. काकांच्या कागदावर शुक्रजंतूंच्या ओळीपुढं 'निल' लिहिलं होतं. निल म्हणजे काहीच नाही.

काकू, तू बरोबर वाचलं होतंस.